ऐकणाऱ्याचा चेहरा बघा: कोर्टरूम थ्रिलर पहिल्यांदाच पाहणाऱ्यांसाठी

माझे मामा तालुका कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहायचा, वकील प्रश्न विचारायचे, साक्षीदाराचं उत्तर न्यायाधीश नीट वाक्यात सांगायचे आणि मामांची बोटं टाइपरायटरवर चालू व्हायची. निवृत्तीनंतर एकदा ओट्यावर सुपारी कातरत बसले असताना ते म्हणाले, "साक्षीदार काय बोलला ते सगळं माझ्या कागदावर आलं गं. उत्तर द्यायच्या आधी तो किती वेळ गप्प होता, ते मात्र कधीच आलं नाही."

कायद्यालाही ही उणीव ठाऊक आहे. साक्ष देताना साक्षीदाराच्या वागण्यात काही महत्त्वाचं दिसलं तर न्यायाधीशांनी त्याचा शेरा लिहून ठेवावा, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २८० व्या कलमात होती. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनंही ती ठेवली आहे. वरच्या कोर्टात अपील जातं तेव्हा तिथे पोचतो तो कागद. घसा कोरडा पडलेला, रुमाल चुरगाळणारा माणूस तिथे पोचत नाही.

चांगला कोर्टरूम थ्रिलर मला आवडतो तो याच कारणानं. कागदावर जे येत नाही, त्यावरच तो उभा असतो. आणि ते दाखवायला नटाशिवाय दुसरं साधन नाही. पाठलाग नाही, मारामारी नाही, डोंगरदऱ्या नाहीत. एक खोली आणि त्यात बोलणारी-ऐकणारी माणसं, एवढंच भांडवल. त्यातही एक खास अडचण आहे. इतर सिनेमांत नट एक भूमिका करतो. इथे ती भूमिकासुद्धा अभिनय करत असते. इस्त्रीचे कपडे घालून आलेला साक्षीदार, निर्दोष दिसण्याची धडपड करणारा आरोपी, ठरवून रागावणारा वकील, ही सगळी माणसं कुणाला तरी पटवण्यासाठी काही तरी वठवत असतात. नटाला तो मुखवटाही घालायचा असतो आणि त्याची कड किती उचलली गेलेली दाखवायची, हेही ठरवायचं असतं. जास्त उचलली तर रहस्य फुटतं. अजिबात उचलली नाही तर पुढे आपल्याला फसवल्यासारखं वाटतं.

"कोर्टाचे सिनेमे म्हणजे नुसती बडबड" असं ज्यांना वाटतं, किंवा ज्यांनी एकही धड पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत लिहिते आहे. माझ्या भाच्यांना आणि शेजारच्या दोन मुलींना मी अशीच गोडी लावली. दोन संध्याकाळी लागतील, आणि जमलं तर एक दुपार.

पायरी १: एकच सिनेमा निवडा आणि त्याबद्दल काही वाचू नका

सुरुवातीला मी एकच नाव सुचवते: 'विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन', १९५७ चा, बिली वाइल्डरनं दिग्दर्शित केलेला, कृष्णधवल, ११६ मिनिटांचा. मूळ कथा आणि नाटक अगाथा ख्रिस्तीचं. याच कथेवर पुढे १९८२ मध्ये एक टेलिफिल्म आणि २०१६ मध्ये बीबीसीची छोटी मालिका झाली. त्या नंतर कधीही पाहता येतील. सुरुवात १९५७ च्याच आवृत्तीनं करा, कारण त्यात चार्ल्स लॉटन आणि मार्लिन डिट्रिच आहेत.

कथेबद्दल आधी इतकंच पुरे. लंडन, १९५२. लिओनार्ड व्होल नावाच्या बेकार, देखण्या तरुणावर एका श्रीमंत विधवेच्या खुनाचा आरोप आहे. तिनं मृत्युपत्रात त्याच्या नावे ऐंशी हजार पौंड ठेवलेत. हृदयविकाराच्या झटक्यातून नुकतेच उठलेले बॅरिस्टर सर विल्फ्रिड रॉबर्ट्स (लॉटन) यांना डॉक्टरांनी फौजदारी खटले घ्यायला मनाई केलेली आहे, आणि अर्थात ते खटला घेतात. लिओनार्डची जर्मन पत्नी क्रिस्टीन (डिट्रिच) ही त्या रात्री तो घरी होता हे सांगू शकणारी एकमेव व्यक्ती.

यापुढे काही वाचू नका. ट्रेलर नको, विकिपीडिया नको, व्हिडिओखालचे अभिप्राय तर नकोच नको. सिनेमा संपल्यावर पडद्यावर एक निवेदन ऐकू येतं: ज्यांनी अजून पाहिलेला नाही त्यांना शेवट सांगू नका, अशी थिएटरच्या व्यवस्थापनाची विनंती. पासष्टहून अधिक वर्षं झाली तरी ती विनंती मी पाळते. या लेखातही शेवट नाही.

इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा. लॉटन शब्द गिळतो, पुटपुटतो, मधेच गुरगुरतो; सबटायटल्सशिवाय निम्मी मजा जाते. मधे उठू नका. या प्रकारच्या सिनेमात पाच मिनिटं निसटली तर पुढच्या अर्ध्या तासाचा अर्थ बदलतो.

पायरी २: लंडनचं कोर्ट दहा मिनिटांत समजून घ्या

आपल्या डोक्यातलं कोर्ट हिंदी सिनेमातलं असतं, आणि खरं सांगायचं तर ते भारतातल्या कोर्टासारखंही नसतं. गीतेवर हात ठेवून शपथ ही पडद्यावरची सवय. प्रत्यक्षात १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदार ईश्वराला स्मरून शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. न्यायाधीशांचा लाकडी हातोडाही तसाच. इंग्लंडच्या न्यायाधीशांकडेही तो नसतो. तेव्हा हातोड्याची वाट बघू नका.

'ओल्ड बेली' हे लंडनचं मध्यवर्ती फौजदारी न्यायालय. सिनेमात दिसतं ते स्टुडिओत उभारलेलं. तिथे अशिलाशी बोलणं, कागदपत्रं जमवणं हे काम सॉलिसिटरचं, आणि कोर्टात उभं राहणं बॅरिस्टरचं. मुंबई उच्च न्यायालयातही ही दुहेरी पद्धत बरीच वर्षं होती, त्यामुळे जुन्या मुंबईकरांना हे दोन्ही शब्द परके नाहीत.

साक्षीचे तीन टप्पे लक्षात ठेवा. ज्या पक्षानं साक्षीदार आणला त्याच्या वकिलानं घेतलेला तो सरतपास. विरुद्ध वकिलानं घेतलेला तो उलटतपास. उलटतपासात निघालेल्या मुद्द्यांवर पहिल्या वकिलानं पुन्हा विचारायचं, तो फेरतपास. सरतपासात उत्तर सुचवणारे प्रश्न विचारले तर हरकत घेता येते. उलटतपासात ते चालतात. म्हणजे "तुम्ही तेव्हा कुठे होता?" हा सरतपासाचा प्रश्न, आणि "तुम्ही तेव्हा घरी नव्हता, बरोबर?" हा उलटतपासाचा. हा फरक कानाला कळायला लागला की वकिलाची भूमिका करणाऱ्या नटाचा सूर का बदलतो हेही कळतं.

आरोपीबद्दल एक फरक. आपल्याकडे पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात आणि तो शपथेशिवाय जबाब देतो. स्वतःहून मागणी केली तरच तो साक्षीदार म्हणून उभा राहतो. या सिनेमात लिओनार्ड सरळ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जातो, शपथ घेतो आणि उलटतपासाला सामोरा जातो. पत्नीबद्दलचा नियमही ध्यानात असू द्या: तिथल्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पत्नीला पतीविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नसे. सिनेमाचं नाव पुन्हा वाचा आणि हा नियम त्याच्या शेजारी ठेवा. एवढ्यावरून उत्सुकता वाढायला हरकत नाही.

आणि जूरी. आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारी बारा सामान्य माणसं, आणि तेव्हा त्या बाराही जणांचं एकमत व्हावं लागे; बहुमताचा निर्णय इंग्लंडमध्ये १९६७ नंतर आला. खुनाला फाशी होती. म्हणून कोर्टातला प्रत्येक जण जे काही करतो ते या बारा जणांना दिसावं म्हणून करतो. आपल्याला जूरी परकी वाटते, पण ती मुंबईत होती. १९५९ मध्ये नौदलाचे कमांडर नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या जूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढे जूरी हळूहळू गेली आणि १९७३ च्या संहितेत तिला जागाच उरली नाही. कोर्टाबाहेरची सहानुभूती आत बसलेल्या नऊ जणांपर्यंत कशी पोचली, याची चर्चा त्या खटल्याबद्दल अजून होते. पुरावा आणि पटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि थ्रिलरला जागा मिळते ती त्या दोन्हींच्या मधल्या फटीत.

पायरी ३: पहिल्यांदा पाहताना एकच प्रश्न विचारा

कागद-पेन्सिल जवळ ठेवा. "याच्यावर माझा विश्वास बसतोय का?" एवढाच प्रश्न तीन वेळा विचारा आणि उत्तर लिहा. पहिल्यांदा लिओनार्ड बॅरिस्टरच्या घरी भेटून गेल्यावर. दुसऱ्यांदा क्रिस्टीन तिथे येऊन गेल्यावर. तिसऱ्यांदा क्रिस्टीनची कोर्टातली साक्ष झाल्यावर. हो किंवा नाही, आणि शेजारी कारण. कारण लिहायला टाळाटाळ करू नका, कारण पुढच्या पायऱ्यांचं सगळं पीठ तिथेच मळलं जातं.

पहिल्या दोन भेटींत एक फार सुंदर गोष्ट आहे. सर विल्फ्रिडना सवय आहे: समोरचा माणूस खरं बोलतो का हे पाहायचं असलं की एकाच डोळ्यावरची काच लावायची, ती अशी वळवायची की खिडकीतलं ऊन त्याच्या चेहऱ्यावर पडेल, आणि मग प्रश्न विचारायचे. लिओनार्ड डोळे किलकिले करतो, पण मोकळेपणानं बोलत राहतो. क्रिस्टीनवर तोच प्रयोग होतो तेव्हा ती खिडकीतला उजेडच अडवते.

इथे लॉटननं काय केलंय ते बघा. त्याचं पात्र परीक्षक आहे, पण उन्हाचा कवडसा फिरवताना त्याच्या चेहऱ्यावर एक लहान मुलाचा आनंद आहे. स्वतःच्या युक्तीवर या माणसाचं प्रेम आहे. याच माणसाला जिन्यावरच्या खुर्चीच्या लिफ्टमध्ये बसून वर-खाली करायला आवडतं, नर्सची नजर चुकवून चिरूट मिळवायला आवडतं, थर्मासमधल्या कोकोच्या जागी ब्रँडी भरायला आवडते. हे सगळं विनोदासाठी आहे असं पहिल्यांदा वाटतं. मला मात्र वाटतं की लॉटन आपल्याला या माणसाची ताकद आणि त्याची खोट एकदमच दाखवतो: ज्याला स्वतःच्या चलाखीचा इतका आनंद होतो, त्याला त्या चलाखीबद्दल शंका येत नाही.

क्रिस्टीनच्या प्रवेशाच्या वेळी मात्र कागद बाजूला ठेवा आणि नुसतं पाहा. नवरा अटकेत आहे हे कळल्यावर बाई कोसळेल, मूर्च्छेवरचं औषध तयार ठेवा, असं सर विल्फ्रिड सहकाऱ्यांना सांगत असतात. दारात डिट्रिच उभी असते, ताठ, टापटीप, आणि शांतपणे सांगते की आपण कधी बेशुद्ध पडत नाही. रडारड करणारी पत्नी त्या खोलीतल्या सगळ्या पुरुषांना सोपी वाटली असती. न रडणारी पत्नी त्यांना संशयास्पद वाटते. आपल्यालाही वाटते. तेव्हा तसं का वाटलं, ते दुसऱ्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहा. माझ्या भाच्यानं लिहिलं होतं, "कारण तिला वाईट वाटत नाहीये." तिला वाईट वाटतं की नाही हे त्याला कुठून कळलं, असं मी विचारलं. बराच वेळ तो काही बोलला नाही.

पायरी ४: बोलणारा बोलू दे, तुम्ही ऐकणाऱ्याकडे बघा

माझ्यापुरतं सांगायचं तर सगळी गुरुकिल्ली इथेच आहे.

संवाद बोलायला लेखकाची मदत असते. ऐकताना नट एकटा असतो. साक्षीदाराचं वाक्य पहिल्यांदाच कानावर पडतंय असं पंधराव्या टेकलाही वाटलं पाहिजे, त्या वाक्यानं आत काही तरी हललं पाहिजे, आणि वकील असल्यामुळे ते हललेलं लपवलंही पाहिजे. हे तिन्ही एकाच चेहऱ्यावर.

लॉटन यासाठी औषधाच्या गोळ्या वापरतो. ठरावीक वेळानं घ्यायच्या गोळ्या तो समोरच्या बाकावर ओळीनं मांडतो आणि सरकारी पक्षाची साक्ष चालू असताना त्यांच्याशी चाळा करत बसतो. ऐकत नाहीये असं वाटतं. पण बोट थांबतं कधी ते बघा. साक्षीदाराच्या कुठल्या शब्दावर गोळी तशीच राहते, कुठल्या शब्दानंतर पुन्हा सरकते. गोळ्या संपत जातात तसा खटलाही पुढे जातो आणि या माणसाच्या हृदयावरचा ताणही मोजला जातो. एवढ्याशा वस्तूवर तीन कामं काढून घेतलीत.

दुसरा ऐकणारा आरोपीच्या जागेत आहे. टायरोन पॉवर, त्याचा हा पूर्ण झालेला शेवटचा सिनेमा. स्वतःची साक्ष येईपर्यंत त्याला बहुतेक वेळ बसून ऐकायचंच काम आहे. त्याचा चेहरा दिसला की विचारा: याला धक्का बसतोय, की याला धक्का बसायला हवा हे याला कळतंय? पहिल्यांदा पाहताना हा प्रश्न सुटणार नाही. सुटूही नये.

वाइल्डरच्या चरित्रांत एक किस्सा येतो. जूरी आणि प्रेक्षक म्हणून बसलेल्या नटांचे नुसते ऐकतानाचे चेहरे टिपायचे होते. अशा वेळी कॅमेऱ्यामागून संवाद वाचायला एखादा साहाय्यक पुरतो. लॉटननं ते काम मागून घेतलं आणि न्यायाधीश, वकील, साक्षीदार सगळ्यांचे संवाद स्वतः म्हणून दाखवले. जी माणसं पडद्यावर दोन-दोन सेकंद दिसणार, त्यांना खरोखर ऐकायला काही तरी मिळावं म्हणून. हा किस्सा वाचल्यापासून मी जूरीचे शॉट कधी सोडत नाही.

पायरी ५: एक उलटतपास सुटा करून बघा

मृत विधवेची घरकामवाली, जॅनेट मॅकेन्झी. ही भूमिका ऊना ओकॉनर करते. तिनं ती आधी ब्रॉडवेवर रंगमंचावरही केली होती, आणि हा तिचा शेवटचा सिनेमा ठरला. जॅनेटची साक्ष लिओनार्डला फासावर नेऊ शकते, कारण दाराआडून त्याचा आवाज ऐकल्याचं ती सांगते. बाई खमकी आहे, चिडकी आहे, आणि लिओनार्डबद्दलचा राग ती अजिबात लपवत नाही.

हा प्रसंग परत लावा आणि प्रश्नांचा क्रम लिहून काढा. सुरुवात अदबीची आहे. मग पहिल्या मृत्युपत्रात कुणाला किती मिळणार होतं, यावर गाडी येते, आणि बाईंचा राग कुठून येतो याची एक शक्यता जूरीसमोर ठेवली जाते. ती शक्यता ठेवून सर विल्फ्रिड पुढे जातात, तिच्यावर टाळ्या मागत नाहीत. मग आवाज. बेतानं सूर खाली उतरवून ते काही तरी विचारतात, आणि बाईंना ते ऐकूच जात नाही. श्रवणयंत्रासाठी केलेला अर्ज बाहेर येतो. "तुम्हाला नीट ऐकू येत नाही" असं त्यांना म्हणावंही लागत नाही. बारा जणांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

वकिलीत नवख्यांना सांगतात की उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासात विचारू नये. या प्रसंगात तो नियम जिवंत दिसतो. पण माझं लक्ष दर वेळी ऊना ओकॉनरकडे जातं. म्हातारीला हरवताना प्रेक्षक हसतात, आणि ती मात्र हरलेली दिसत नाही. तिला स्वतःबद्दल खात्री आहे. त्या खात्रीमुळे प्रसंग नुसता विनोदी होत नाही. साक्ष मोडली, पण ती खोटी होती का, हा प्रश्न तसाच मागे राहतो. लहान भूमिकेतला नट असा असला की सिनेमा मोठा होतो.

पायरी ६: दहा मिनिटं आवाज बंद

क्रिस्टीनची कोर्टातली साक्ष निवडा. आवाज पूर्ण बंद, सबटायटल्स बंद. आपल्याकडे कोर्टातला अभिनय म्हणजे चढा आवाज, टेबलावर मूठ, असं मनात घट्ट बसलेलं असतं. डिट्रिचची मान बघा, हात बघा. किती कमी हलतात. समोर सर विल्फ्रिड लालबुंद होत जातात, आणि ती जवळजवळ पुतळ्यासारखी. आवाज नसताना दोघांपैकी कुणाच्या हातात प्रसंग आहे असं वाटतं, ते कागदावर लिहा. मग आवाजासकट पुन्हा पाहा. बहुतेकांचं उत्तर बदलतं.

पायरी ७: शेवट कळल्यावर पुन्हा पाहणं

रहस्य फुटल्यावर बरेच थ्रिलर मरतात. हा मरत नाही. दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा लावा. काय शोधायचं ते मी सांगणार नाही, पण आपली तीन उत्तरं आणि कारणं समोर ठेवा. प्रत्येक कारणाशेजारी लिहा की ते पुराव्यावर होतं, की चेहऱ्यावर, की त्या माणसाबद्दल आधीच असलेल्या आपल्या समजावर. परदेशी आहे, रडत नाही, देखणा आहे, म्हातारी कटकटी आहे, असे किती शेरे निघतात ते मोजा. माझ्या पहिल्या कागदावर तीनपैकी तीन निघाले होते.

लॉटनला आणि नर्स झालेल्या एल्सा लँचेस्टरला, म्हणजे त्याच्या खऱ्या आयुष्यातल्या पत्नीला, ऑस्करची नामांकनं मिळाली. डिट्रिचला मिळालं नाही. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर या गोष्टीचा तुम्हाला माझ्यासारखाच त्रास होईल.

पायरी ८: यानंतर काय पाहायचं

त्याच वर्षीचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' घ्या. सिडनी ल्युमेटचा पहिला सिनेमा, ९६ मिनिटं, जवळजवळ सगळा जूरीच्या खोलीत. इथे ऐकणारेच नायक आहेत. ल्युमेटनं कॅमेरा सुरुवातीला नजरेच्या वर ठेवला, मग नजरेच्या पातळीवर आणला आणि शेवटी खाली. भिंगंही बदलत गेली. त्यामुळे खोली आवळत येते, छत डोक्यावर येतं. अभिनयाला कॅमेरा कशी साथ करतो हे यात सगळ्यात सोपं दिसतं.

'ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर', १९५९, थोडा मोठा आहे. त्यात न्यायाधीशाच्या भूमिकेत जोसेफ वेल्च आहे, जो नट नव्हता, बोस्टनचा वकील होता. १९५४ च्या लष्कर-मॅकार्थी सुनावणीत, जिथे तिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या अमेरिकन सिनेटर मॅकार्थीला त्यानं भर सभेत 'तुमच्यात सभ्यता उरली आहे की नाही' असं विचारलं होतं. खरं कोर्ट पाहिलेला माणूस किती कमी अभिनय करतो, यासाठी बघा.

आणि मग आपला 'कोर्ट'. २०१४, चैतन्य ताम्हाणे. व्हेनिसमध्ये गौरवला गेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा थ्रिलर नाही, म्हणूनच तो शेवटी पाहायचा. गटारात उतरणाऱ्या कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आहे, कारण काय तर त्याचं गाणं. वीरा साथीदार यांनी ती भूमिका केली. कॅमेरा बहुतेक वेळ हलत नाही. कुणाच्या चेहऱ्याजवळ जाऊन तो तुम्हाला सांगत नाही की आता इथे बघा. तुम्हीच शोधायचं. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कायद्याची कलमं अशी वाचते की जणू वाणसामानाची यादी, आणि मग लोकलनं घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. तिच्या मनात आरोपीबद्दल द्वेष नाही. तिला काम संपवायचंय. लॉटनच्या तोफखान्यानंतर हे पाहिलं की कळतं, कंटाळा वठवणं हे रागाइतकंच अवघड काम आहे. मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष होते त्या प्रसंगात, ती उत्तर देत असताना खोलीतला कोण तिच्याकडे बघतोय ते शोधा.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' जवळपास कुठे प्रयोगाला असेल तर तेही चुकवू नका. लुटुपुटूचा खटला आणि पिंजऱ्यात अडकलेली लीला बेणारे. रंगमंचावर कॅमेरा नसतो, त्यामुळे कुणाकडे बघायचं हे पूर्णपणे तुमच्या हातात. एका प्रयोगाला मी पूर्णवेळ बेणारेकडे पाहिलं, दुसऱ्याला फक्त तिच्याभोवतीच्या माणसांकडे. दुसरा प्रयोग मला जास्त जड गेला.

पायरी ९: जमलं तर एक दुपार खऱ्या कोर्टात

फौजदारी खटले आपल्याकडे खुल्या न्यायालयात चालतात. बलात्कारासारखे काही खटले बंद दाराआड चालतात, तिथे जायचं नाही. बाकीच्या सुनावणीला जागा असेल तर सामान्य माणूस मागच्या बाकावर बसू शकतो. मुंबईत फोर्टमधलं सत्र न्यायालय, पुण्यात शिवाजीनगर, नाही तर तुमच्या जिल्ह्याचं कोर्ट. दारावर त्या दिवसाचा बोर्ड लागतो, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरही प्रकरणांच्या तारखा दिसतात. ज्या प्रकरणापुढे पुरावा किंवा साक्ष असं लिहिलंय ते निवडा. ओळखपत्र बरोबर ठेवा. मोबाइल पूर्ण बंद, चित्रण किंवा ध्वनिमुद्रण अजिबात नाही. न्यायाधीश आत आले की उभं राहायचं. अडलं तर दारातल्या शिपायाला विचारा, तो सगळं सांगतो.

साक्ष त्या दिवशी होईलच असं नाही. साक्षीदार आला नाही, वकील दुसऱ्या कोर्टात अडकले, तारीख पडली, असं होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन तास काहीच झालं नाही. मग एका मारामारीच्या केसमध्ये एक पंच उभा राहिला, पंचनाम्यावरची सही आपली आहे म्हणाला, पण काय जप्त झालं ते आठवत नाही म्हणाला. सरकारी वकिलांनी तो फितूर झाल्याचं जाहीर करायची परवानगी मागितली. सगळं इतक्या सपाट आवाजात चाललं होतं की मला वाटलं, इथे बघण्यासारखं काही नाही. तेवढ्यात आरोपींच्या बाकाकडे नजर गेली. टोकाला बसलेल्या पोरगेल्या आरोपीनं इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला आणि चपलेत पाय सारले. स्टेनोबाई टाइप करत होत्या: आठवत नाही.